पत्रिकेत आईचं नाव

लग्नाच्या पत्रिका जुळवायचं काम मी करते. सोलापुरात, पूर्व भागातल्या एका गल्लीतल्या प्रेसमध्ये. जुळवणं हा शब्द शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, हातानं लावायच्या काळातला. आता मी संगणकासमोर बसून टाइप करते, पण आमचे मालक अजून ‘अम्मा, ती उद्याची पत्रिका जुळवली का?’ असंच विचारतात. मालक तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातले. त्यांच्या वडिलांनी माग विकून प्रेस टाकली. त्यांच्यात लेकीबाळींना अम्मा म्हणतात, म्हणून मलाही म्हणतात. सुरुवातीला मला राग यायचा. आता दिवसभरात मला हाक मारणारा तेवढा एकच माणूस असतो, तेव्हा राग धरून करू काय.

दिवसभर मी लोकांना सहकुटुंब सहपरिवार बोलावत असते. संध्याकाळी खोलीवर येते, कुलूप काढते आणि एका माणसाचा भात लावते. एका माणसाचा भात लावणं अवघड असतं. कितीही बेतानं लावला तरी उरतो, आणि सकाळी तोच फोडणीला टाकून डब्यात न्यावा लागतो.

खोली घेताना घरमालकिणीनं पुन्हापुन्हा विचारलं होतं, ‘एकट्याच राहणार?’ मी हो म्हटलं. ‘आन् घरचे कधी येणार?’ घरचे येणार नव्हते. घरचे वळसंगला, एस्टीनं तासाभरावर. तिचा चेहरा काही खुलला नाही. नवरा मेलाय, नवऱ्यानं सोडलंय किंवा पळून आलीय, यातलं एक काहीतरी असल्याशिवाय बाई एकटी राहते हे आपल्याकडे पचनी पडत नाही. माझं यातलं काहीच नव्हतं. लग्नसराईत काम लांबतं, गावाकडची शेवटची गाडी चुकते, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं, आणि त्या दारामागे बसून पुस्तक वाचायचं होतं. हे कारण सांगितलं असतं तर खोली मिळाली नसती.

तर दार मिळालं. खालच्या शेडमधले यंत्रमाग सुरू असतात, त्या खडखडाटाची सवय झाली, आणि वाचनालयातून आणलेली पुस्तकं मी हावरटासारखी वाचते. बायकांनी लिहिलेल्या आठवणी मला विशेष आवडतात. वाचलेलं सांगायला कुणी नसेल, हे मात्र मी धरलं नव्हतं. वाचनालयाच्या पुस्तकांत कधीकधी आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं रेघ मारलेली असते. ती रेघ मला पटली तर बरं वाटतं, न पटली तर मी मनातल्या मनात भांडते. पुस्तकाविषयी माझं कुणाशी बोलणं होतं म्हणजे तेवढंच. दुपारी डबा खाऊन झाल्यावर वाचत बसले की मालक विचारतात, ‘अम्मा, कसली परीक्षा हाय?’ परीक्षा नाही म्हटलं की म्हणतात, ‘मग?’ मी पान उलटते.

आईला रोज फोन करते. ती विचारते जेवलीस का, मी म्हणते जेवले, ती म्हणते बरं. एकदा मी तिला वाचत असलेल्या पुस्तकातली हकिगत सांगायला लागले. ती हूं हूं करत राहिली आणि मध्येच म्हणाली, ‘थांब गं, म्हस सुटली वाटतं.’ म्हैस खरंच सुटली असेल. मी नंतर पुन्हा तो विषय काढला नाही.

पत्रिकांविषयी थोडं सांगायला हवं. पत्रिका कुणी वाचत नाही. प्रत्येक जण आपलं नाव शोधतो, ते नीट छापलंय ना, भलत्याच्या खाली तर नाही ना, एवढं बघतो, तारीख आणि जेवणाची वेळ बघतो आणि पत्रिका टीव्हीमागे खोचून देतो. मी मात्र रोज अक्षर अन् अक्षर वाचते. ते माझं कामच आहे आणि त्यानं माझं डोकं फिरतं. वर देव. मग नवऱ्या मुलाला तोंडानंसुद्धा न ओळखणारे पुढारी, मग सरपंच, मग फक्त जेवायला येणारे व्यवस्थापक. बायका कुणाच्या तरी सौ. होऊन येतात. आणि नवऱ्या मुलाचे वडील वारलेले असले, तर त्यांच्या नावामागे कै. लागतं आणि ते मानानं छापलं जातं. त्यांच्यामागे ज्या बाईनं ते पोर वाढवलं, ती गाळली जाते. तिच्या जागी निमंत्रक म्हणून चुलता आणि चुलती. शहरातल्या पत्रिकांत हल्ली श्रीमती दिसतात. खेड्यांतून जे कागद येतात त्यांत क्वचितच.

मेलेल्या माणसाला पत्रिकेत जागा आहे आणि जित्याजागत्या बाईला नाही, असं मी एकदा मालकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘अम्मा, गिऱ्हाईक देतंय तसं छापायचं. आपण काय पुरोहित हाय का?’

गिऱ्हाईक तरी काय देतं? नवी पत्रिका कुणी लिहीतच नाही. थोरल्याच्या लग्नाची जुनी पत्रिका घेऊन येतात, तिच्यावर पेननं नावं खोडून नवी घातलेली असतात. मीही संगणकातली जुनी फाइल उघडते आणि तेवढी नावं बदलते. माणसं रीत रीत म्हणतात ती अशी टिकते. कुणी टिकवत नाही, नुसतं कुणी नव्यानं लिहीत नाही.

या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तो एमआयडीसीत एका कारखान्यात लागलाय. मुलगी मैंदर्गीची, सीमेजवळची, घरात कन्नड बोलणारी आणि आमच्याशी गोड मराठी बोलणारी. पत्रिकेचं काम अर्थातच आमच्या प्रेसला. चुलते स्वतः मजकूर घेऊन आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि भाऊ अजून शाळेतही नव्हता. तात्यांनी दोन्ही घरची शेती एकट्यानं ओढली आणि मला शिकू दिलं. त्यांच्यावर चिडणं मला जमत नाही, आणि माझी पंचाईत तीच आहे. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं.

तात्यांनी खिशातून चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका काढली. पेननं खाडाखोड केलेली. मी ती टेबलावर पसरून वाचली. वडिलांचं नाव होतं, कै. लावून. निमंत्रकांत तात्या आणि काकू. आईचं नाव कुठंच नव्हतं. माझं होतं. अगदी तळाशी, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असं म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांत, चुलतभावाच्या मुलांच्या मागे. तिशीला टेकलेली मी पुतण्यांच्या रांगेत उभी राहून सख्ख्या धाकट्या भावाला काका म्हणत होते. मला आधी हसू आलं. लग्न झालं असतं तर सौ. आणि श्री. म्हणून जोडीनं आले असते. न झालेली थोरली बहीण कुठं घालायची हे तात्यांना सुचलं नसणार. खरं म्हणजे मलाही सुचत नव्हतं.

‘तात्या, आईचं नाव राहिलंय,’ मी म्हटलं.

‘कुटं?’

‘वर. निमंत्रकांत.’

तात्यांनी चष्मा काढून पुसला. ‘अगं, तशी रीत न्हाय की.’

‘बोलावणार तर तीच ना? पोरगा तिचा आहे.’

‘व्हय, पोरगं तिचंच हाय. मी कुटं न्हाय म्हनतोय.’ ते पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘माझी ना न्हाय. तुझ्या आईलाच इचार. तिला चालत असंल तर घाल.’

मला एवढंच हवं होतं. माझ्या भावाच्या लग्नाला माझ्या आईनं बोलवावं, तिच्या स्वतःच्या नावानं. आणि बोलावणारं माणूस जसं पुढे उभं राहतं, तसं तिनं मंडपात पुढे उभं राहावं. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात ती मागे पाण्याच्या पिंपांजवळ बसते. अक्षता पडल्या की पहिल्या पंगतीला वाढते, शेवटच्या पंगतीला जेवते. कुणी तिला मागे बसवत नाही. ती आपण होऊनच तिकडे जाते, आणि ‘इकडं या’ असं कुणी म्हणत नाही. स्वतःच्या मुलाच्या लग्नातही ती तिथंच जाणार, या विचारानं माझी झोप उडाली होती.

रविवारी मी वळसंगला गेले. आई अंगणात गहू निवडत होती. मी समोर बसले, मीही मूठभर ओढून घेतले आणि विषय काढला. तिनं मान वर केली नाही.

‘मला काय इचारतीस? तात्याला इचार.’

‘तात्या म्हणाले तुला विचार.’

‘मग भावाला इचार की. लगीन त्याचं हाय.’

भाऊ ओसरीवर मोबाइल बघत पडला होता. तो म्हणाला, ‘तुमी दोघी ठरवा, मला काय बी चालतंय.’ आमच्या घरात नको असं कुणी म्हणत नाही. ते म्हणायचं काम पुढच्यावर ढकलतात. ते असं फिरत राहतं आणि शेवटी रीत आहे तशी राहते, कुणाच्या माथी काही न येता.

मग मी बोलायला लागले. हक्क, मान, वाढवणाऱ्या बाईचे कष्ट, बदलणारा काळ. बोलताना मला स्वतःलाच जाणवत होतं की ही माझी बोली नाही, ही माझ्या पुस्तकांची आहे. पण गाडी उताराला लागली होती. आईनं सगळं ऐकून घेतलं. सुपातला खडा काढून टाकला.

‘लई चांगलं बोलतीस,’ ती म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, ‘नाव छापलं की म्होरं जावं लागतंय. म्होरं गेलं की हळदीकुंकवाचं ताट येतंय. समद्यांना लावत लावत येतंय आन् माझ्यापशी आलं की थांबतंय. ते बघितलंयस का तू कवा?’

मी नाही म्हटलं.

‘मी बघितलंय. तुझ्या मावशीच्या पोरीच्या लग्नात. लावणारीचा हात हितवर आला हुता.’ तिनं आपल्या कपाळापासून वीतभर अंतरावर बोट धरून दाखवलं. ‘मग तिला याद आली. ती हसली, मी बी हसले. तवापास्नं मी मागं बसते. मागं कुणाचं ताट येत न्हाय.’

तिला हे कितीतरी वर्षं माहीत होतं आणि तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मला रडू येत होतं, ते तिच्याविषयीच्या मायेनं की तिनं माझं ऐकलं नाही या रागानं, हे आजही नीट सांगता येणार नाही. मी उठून पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

निघताना ती फाट्यापर्यंत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, ‘नाव घालायचं तर घाल. तुझा जीव हाय त्यात. पर मला म्होरं बलावू नका.’

गाडीत खिडकीजवळ बसले आणि मला फार एकटं वाटलं. माझ्या बाजूनं निदान आई असेल असं मी धरून चालले होते. तीही नव्हती. हे सगळं जगात मला एकटीलाच खटकतंय, आणि खटकून खटकून मी एकटी पडलेय, असं वाटत राहिलं. शेजारच्या बाईनं शेंगा पुढे केल्या. मी नको म्हटलं, आणि मग उगाच नको म्हटलं म्हणून हळहळले.

सोमवारी पत्रिका करायला घेतली. जुनी फाइल उघडली नाही, कोरं पान घेतलं. श्रीमती टाइप केलं, मग आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं पूर्ण नाव मी याआधी कधी टाइप केलं नव्हतं. ते पडद्यावर दिसलं तेव्हा दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं. निमंत्रकांत ते पहिलं ठेवलं आणि खाली तात्या, काकू. मग तळाच्या चिल्ल्यापिल्ल्यांतून माझं नाव काढलं. ते वर आणून आईच्या खाली ठेवून पाहिलं, तिथं ते अवघडल्यासारखं दिसलं. स्वागतोत्सुकांत ठेवलं, तिथं सगळ्या जोड्या होत्या. शेवटी नाही घातलं.

मालकांनी छपाईआधी नजर टाकली. ‘अम्मा, सगळी हायत. तू कुटं?’

‘खाली प्रेसचं नाव आहे की. त्यात मी आलेच,’ मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पुढचा कागद उचलायला गेले आणि जाताना म्हणाले, ‘कागद जाड लाव. घरचं काम हाय.’

तात्यांना प्रूफ हातात दिलं. मी मुद्दाम म्हटलं, ‘वरून वाचा, तात्या.’ त्यांनी बोट ठेवून वाचलं, बोट सगळ्या ओळींवरून गेलं, आपल्या नावाशी थोडं रेंगाळलं. मुहूर्त पाहिला. ‘बराबर हाय,’ म्हणाले आणि घडी घालून परत दिलं. त्यांनी पहिली ओळ बघितली की नाही, हे मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पत्रिका छापल्या गेल्या. काकूनं कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, पहिली देवापुढे ठेवली आणि वाटप सुरू झालं. आता कुणाचा तरी फोन येईल, कुणीतरी कुरकुर करेल, मैंदर्गीहून निरोप येईल, म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. बरीच चांगली उत्तरं होती. कुणाचाही फोन आला नाही. लोकांनी आपापली नावं बघितली आणि पत्रिका टीव्हीमागे खोचून दिल्या. इतकं भांडून मी ती एक ओळ मिळवली होती आणि ती कुणाला दिसलीही नव्हती. त्या दिवसांत मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक न वाचताच परत केलं.

लग्न अक्कलकोट रोडवरच्या कार्यालयात होतं. मे महिना, वर पत्रे, कूलर नुसते गरम वारा फेकत होते. आई ठरल्याप्रमाणे मागे पिंपांजवळ, गावाकडच्या दोन म्हाताऱ्यांच्या शेजारी बसली होती. मी मधल्या खुर्च्यांत होते. तात्या, काकू स्टेजवर. माईक मुलीकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या हातात होता. आमच्या भागात अक्षतांच्या आधी मुलीकडचे लोक मुलाकडच्या मानकऱ्यांचा सत्कार करतात. पुरुषांना टॉवेल, टोपी आणि नारळ, बायकांना हळदीकुंकू आणि खण. स्टेजवर दोन ताटं तयार होती. एक नवरीच्या मामाच्या हातात, दुसरं नवरीच्या आईच्या.

गुरुजींनी खिशातून आमची पत्रिका काढली आणि क्रमानं नावं वाचायला सुरुवात केली.

माईकवर पत्रिकाच वाचली जाते, हे मला सुचायला नको होतं का? शेकडो पत्रिका माझ्या हातून गेल्यात, लग्नंही कितीतरी पाहिलीत. पण नाही सुचलं. कुणालाच नाही सुचलं. आई नको म्हणाली होती ते फक्त घरात आम्हाला माहीत होतं. गुरुजी पत्रिका वाचणार, आणि पत्रिका वाचणारा पहिल्यापासून वाचणार.

त्यांनी मोठ्यानं आईचं नाव घेतलं. श्रीमती म्हणून, पूर्ण नाव, आडनावासकट. ‘वरमाईंनी कृपया व्यासपीठावर यावं.’

मी ताडकन उभी राहिले. का, ते माहीत नाही. कुणी माझंच नाव घेतल्यासारखी उभी राहिले, आणि मग बसता येईना. पुढच्या खुर्च्यांतली माणसं वळून बघायला लागली. स्टेजवर काकूनं तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी खाली पाहिलं. गुरुजींना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी पुन्हा नाव घेतलं. मैंदर्गीच्या बायकांत कन्नडमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. मला मागे वळून बघायचं धैर्य नव्हतं. मी तिला तिच्या मनाविरुद्ध मंडपात ओढलं होतं, असंच मला त्या वेळी वाटत होतं, आणि ती उठली नाही तर लोक हसतील आणि उठली तर ताट थांबेल, यातून सुटका नव्हती.

मग बाजूच्या वाटेनं आई चालत आली. पदर नीट घेतलेला, चप्पल काढून ठेवलेली. माझ्याजवळून गेली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पायऱ्या चढली. तात्या एक पाऊल मागे सरले आणि तिला आपल्या पुढची जागा दिली. तेवढंच ते करू शकत होते आणि तेवढं त्यांनी केलं.

नवरीची आई करंडा घेऊन पुढे आली, आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि थांबली. आईनं अंगणात बोट धरून दाखवलं होतं तेवढ्याच अंतरावर. विहीणबाईंचा चेहरा कसनुसा झाला, आई मात्र समोर बघत होती. आता पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा नवरीच्या मामानं आपल्या हातातलं ताट पुढे केलं. पत्रिकेतलं पहिलं नाव म्हणजे टॉवेल-टोपी, असा त्याचा साधा हिशेब असावा. त्यानं आईच्या हातात टॉवेल ठेवला, त्यावर नारळ, त्यावर पांढरी टोपी. मंडपात कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरुजींनी तोवर तात्यांचं नाव घेतलंही होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई टोपी हातात धरून उभी होती आणि तिला ती कुठं ठेवायची कळत नव्हतं. तेवढ्यात विहीणबाईंनी करंडा खाली ठेवला. ‘बर्री, इल्ली कुंड्री,’ म्हणाल्या, या, इथं बसा, आणि तिला दंडाला धरून पहिल्या ओळीतल्या सोफ्यावर बसवलं. कुंकू लावलं नाही. पण बसवलं. अक्षता पडेपर्यंत आई तिथंच होती, मांडीवर टॉवेल-टोपी घेऊन. मी तिच्याकडे बघत होते, त्यामुळे मंगलाष्टका संपल्या आणि माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या.

तो मान होता की फजिती, हे मला ठरवता येईना. पुस्तकात अशी हकिगत वाचली असती तर मी लगेच ठरवून मोकळी झाले असते.

जेवणं झाल्यावर ती मला कार्यालयाच्या मागच्या पायऱ्यांवर सापडली. मी माझं ताट घेऊन तिच्या शेजारी बसले. ताटातली हुग्गी, गव्हाची खीर, गार झाली होती. तिनं टॉवेलचं सूत बोटांनी चाचपून बघितलं.

‘टोपी तात्याला दे,’ ती म्हणाली. ‘टॉवेल बरा हाय. ह्यो ठिवते मी.’

‘आई, तू रागावलीस का माझ्यावर?’

‘कशापायी?’

‘तू नको म्हणाली होतीस. पुढं बोलावू नका म्हणाली होतीस. मी खरंच धरलं नव्हतं की ते गुरुजी—’

‘जेव आदी.’

मी दोन घास खाल्ले. मग राहवेना. ‘मग तू उठलीस का? बसून राहिली असतीस तर गुरुजींनी पुढचं नाव घेतलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं.’

आईनं टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

‘मला मागं काय कमी हुतं गं? बसल्या जागी अक्षता टाकल्या असत्या, वाढलं असतं, जेवून घरला गेले असते. पर माझं नाव घेतल्याव तू उभी ऱ्हायलीस. समद्या मांडवात दुसरं कुणी उभं न्हवतं. म्हनलं, मी न्हाय उठले तर ही एकटीच उभी ऱ्हाईल.’